तांबूचं दूध आणि पिशवीचं

रोहा
२५ ऑगस्ट १९९६

ती. चंद्रावतीताईस,
दिनानाथचा साष्टांग नमस्कार.

याकूबभाईंच्या हाती किटली पाठवली आहे. आत तांबूचा चीक आहे. परवा पहाटे व्याली, कालवड झाली. पहिल्या दिवसाचा चीक कालवडीचा, त्याला मी हात लावला नाही. हा दुसऱ्या दिवसाचा. खरवस कर, प्रविणला आणि दिपिकाला दे, मनस्वीच्या जिभेला नुसता लाव.

पत्र किटलीच्या कडीला बांधलं आहे. याकूबभाई रोज सकाळच्या गाडीने पेणला येतात, बाजारात छत्र्या दुरुस्त करतात आणि संध्याकाळी परततात. तेव्हा आपलं टपाल आणि दूध दोन्ही त्यांच्याकडे.

ताई, आता कामाचं. तू गल्लीत शब्द टाकलास आणि दहा घरं दिवाळीच्या पाडव्यापासून माझं दूध घ्यायला तयार झाली, हे उपकार मी विसरणार नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी कंपनीतली स्टोअरची नोकरी सोडणाऱ्याला रोह्यात सगळे वेडा म्हणतात. सीता तोंडावर म्हणत नाही, पण चेहऱ्यावर म्हणते. आज दोनच गायी आहेत, पाडव्याला आणखी दोन येतील, पण त्या दहा घरांच्या भरवशावर. ती घरं हातची गेली तर मला कंपनीच्या गेटात कुणी उभं करणार नाही.

दहा दिवसांनी चीक संपला की रोज तीन लिटर तुझ्याकडे येईल. तू पिऊन बघ, लोकांना पाज आणि मग सांग. हे साधं दूध नाही, सेंद्रिय दूध आहे.

तुझा,
दिनानाथ

*

पेण
२९ ऑगस्ट १९९६

चि. दिनू यास आशीर्वाद.

खरवस झकास झाला. गूळ आणि वेलची घातली. शेजारची जनीबाई वासावर आली आणि दोन वड्या खाऊन, दोन पदरात बांधून गेली. त्या दहा घरांत तिचं घर पहिलं आहे, तेव्हा वड्या वाया गेल्या असं समजू नकोस.

किटली परत पाठवते. आईची रीत तुला आठवत असेल. चिकाचं भांडं घासून परत द्यायचं नाही, गाय आटते. सुनेला बजावलंय, "दिपिका, किटलीला राख लावायची नाय हां गो, नुसती विसळ आणि ते पाणी तुळशीला घाल." रिकामीही धाडली नाही, आत मूठभर तांदूळ आहेत. तुझ्या विज्ञानात हे बसत नसेल तर डोळे मिटून घे.

आता मला एक सांग. सेंद्रिय म्हणजे रसायन न लागलेलं, असंच ना? तुझ्या वाडीतून कंपन्यांच्या चिमण्या दिसतात. मग तांबू काय धूर कुठला आणि ढग कुठला हे बघून श्वास घेते? जनीबाईने हेच विचारलं आणि मी विषय खरवसावर नेला. लोकांना काय सांगायचं ते नीट लिहून पाठव. थोडक्यात लिही. तुला थोडक्यात जमत नाही हे माहीत आहे, तरी सांगते.

ताई

*

रोहा
९ सप्टेंबर १९९६

ती. ताईस सा. न.

ठरल्याप्रमाणे चार तारखेपासून दूध सुरू आहेच. थोडक्यात लिहितो.

पिशवीचं दूध कुणाचं असतं? हजार गायी-म्हशींचं. कुठल्या गोठ्यात कुठल्या जनावराला पान्हा फुटावा म्हणून सुई टोचली, कुणाच्या कडब्याला किती युरिया लागला, काही पत्ता नाही. ते तापवतात, गार करतात, मलई काढतात, परत थोडी घालतात, उन्हाळ्यात कमी पडलं तर भुकटी मिसळतात. पांढरं असतं एवढं मी कबूल करतो. पण ते बिननावाचं दूध आहे. तांबूचं दूध तांबूचं आहे. ती डोंगराच्या अंगाला चरते, चिमण्या नदीच्या पलीकडे आहेत आणि वारा पावसाळाभर उलटा असतो, हे जनीबाईला सांग. मी खत टाकत नाही, सुई देत नाही, ढेप गावातल्या घाण्याची आणतो. ती आजारी पडून औषध द्यावं लागलं तर तेवढे दिवस तिचं दूध पाठवणार नाही. सेंद्रिय म्हणजे हे. मी पुण्याच्या शिबिरात तीन दिवस बसून शिकलो आहे.

भांड्यांना साबण नको, धुण्याची पावडर नको, फ्रिज तर नकोच. दूध एकदाच उकळायचं, तेही मंद.

फरक कळत नाही म्हणणाऱ्यांचा मला भारी राग येतो. सकाळी सीता चहा करते. पहिला घोट तोंडात धरला की मला कळतं, हे तांबूचं. काल कंपनीतला महिपती आला होता, त्यालाही पाजला. म्हणाला, "चहासारखा चहा हाय, दिनानाथ." जिभा मेल्या आहेत लोकांच्या!

हे थोडक्यात आहे.

दिनानाथ

*

पेण
२४ सप्टेंबर १९९६

चि. दिनू,

गौरीगणपती आटोपले. गल्लीतले कारखाने रिकामे झाले, मूर्ती ज्याच्या त्याच्या गावी गेल्या, आता लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायला वेळच वेळ आहे. आणि माझ्या घरात त्यांना काय दिसतं? नासलेलं दूध.

वीस दिवसांत चार वेळा नासलं. पहिल्यांदा वाटलं, माझंच पातेलं खराब. दुसऱ्यांदा नवीन पातेलं घेतलं. तिसऱ्यांदा तू सांगितलंस तसं मंद तापवलं, इतकं मंद की प्रविणची कंपनीची बस निघून गेली आणि तो बिनचहाचा नागोठण्याला पळाला. चौथ्यांदा मी काही केलंच नाही, नुसतं बघत बसले, तरी फाटलं. शेजारच्या शेगडीवर पिशवीचं दूध मुकाट उतू जात होतं.

एरवी तुझं दूध चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. नासत नाही त्या दिवशी साय अशी धरते की चमचा उभा राहावा. दह्याला कवडी पडते. पण त्यालाही एक आंबूस वास असतो. जनीबाईच्या पुढे मी दोन कप ठेवले, कुठल्यात काय ते सांगितलं नाही. दोन्हीचे घोट घेतले आणि पिशवीच्या चहाकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो तुझ्या भावाचा असंल, ह्यो चांगला हाय." आता तिला काय सांगू?

मनस्वीला बाहेरचं दूध सुरू करायचं म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, गाईचं असो की पिशवीचं, अंगाला लागायला दोन्ही सारखंच; भांडं स्वच्छ हवं आणि दूध चांगलं उकळलेलं हवं. सेंद्रियचं त्यांना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, चांगलंच आहे की, पण नासलेलं सेंद्रिय नासलेलंच. तेव्हा मनस्वीला मी पिशवीचं देते. राग आला तर येऊ दे.

दिनू, दहा घरांत शब्द मी दिलाय, तू नाही. तुझ्या गोठ्यात काय चुकतंय ते शोध.

ताई

*

रोहा
३ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस सा. न.

गोठ्यात काही चुकत नाही.

मी पहाटे चारला उठतो. कास कोमट पाण्याने धुतो. हात कोपरापर्यंत धुतो. दूध चरवीत काढतो, फडक्याने गाळतो, सीता ते किटलीत ओतते आणि याकूबभाई सहाच्या आत घेऊन जातात. यातलं काय चुकलं ते मला पेणमध्ये बसून दाखव.

चूक तुझ्याकडे आहे. तुझ्या ओट्यावर कोकमाचं आगळ असतं, लिंबं असतात, तुझ्या हाताला चिंच असते. शिवाय तुझं पेणचं पाणी. नाहीतर वाटेत काही होत असेल. मी याकूबभाईंना विचारलं, तुम्ही उन्हाच्या बाजूला बसता का? कासूला गाडी उभी राहते तेव्हा झाकण उघडून बघता का? तर ते माझ्यावरच तापले. "दिनानाथशेठ, मी छत्र्या दुरुस्त करनारा माणूस हाय. तुमची किटली रोज मांडीवर घेऊन बसतो लहान पोरासारी. गाडीतले लोक विचारतात, नाव काय ठेवलंव? आता तिला वारा पन मीच घालू काय?" मी किटलीला ओलं फडकं गुंडाळून देतो आहे, म्हणून त्यांची विजार भिजते ही त्यांची आणखी तक्रार.

आणि मनस्वीला पिशवीचं दूध! माझ्या नातीला! मी या गायी कुणासाठी पाळल्या? ताई, तू लहानपणापासून माझं काही मानलं नाहीस. मी सायकल शिकलो तेव्हाही तू म्हणाली होतीस, पडणार.

कोजागिरीला तुमच्या गल्लीत दूध आटवतात ना? त्या दिवशी दहाही घरं एकत्र असतील. कालवडीचं एक दिवस कमी करून मी जास्त दूध पाठवतो. तेव्हा कळेल.

दिनानाथ

ता. क. मी पडलो होतो हे खरं आहे, पण ते ब्रेकमुळे.

*

पेण
२७ ऑक्टोबर १९९६

दिनानाथ,

कळलं. सगळ्यांना कळलं.

जनीबाईच्या गच्चीवर काल दहाही घरची माणसं होती. मी शहाणपणा केला, तुझ्या जोडीला पिशवीचंही घ्यायचं ठरवलं. पिशवीचं सहा लिटर मोठ्या टोपात उकळून आटत आलं होतं. साखर घातलेली, केशर घातलेलं, चारोळ्या पडलेल्या. तू मोठ्या डब्यात पाठवलेलं सकाळीच उकळून ठेवलं होतं, तेही त्यात गेलं. किटलीतलं तेवढं उरलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, "आता बघा, माझ्या भावाच्या गायीचं!" आणि किटलीतलं ओतलं. टोपभर दूध डोळ्यांदेखत फाटलं. पोरं हातात पेले घेऊन उभी होती.

कुणी रागावलं असतं तरी चाललं असतं. सगळे समजूत घालायला लागले. "असू दे चंद्रावतीबाई, होतं असं." त्या 'होतं असं'ने माझा जीव गेला. तीस वर्षं मी या गल्लीत राहते. माझ्या घरचं मीठ कमी आहे असं म्हणायची कुणाची छाती नाही, आणि काल मी नासलेल्या दुधाच्या टोपापुढे पळी घेऊन उभी होते.

तू शिबिरं कर. चिमण्या कुठल्या काठाला आहेत ते मोज. माझ्याकडे दूध पाठवू नकोस. दहा घरांना मी काही सांगणार नाही, सांगण्यासारखं काही राहिलंच नाही.

आणि भाऊबीजेला येऊ नकोस. यंदा माझ्याने तुझं तोंड बघवणार नाही.

चंद्रावती

*

रोहा
३० ऑक्टोबर १९९६

ती. ताईस,

दूध बंद केलं आहे. किटली आणि डबा सवडीने याकूबभाईंकडे दे. नव्या दोन गायींना नको म्हणून कळवलं. महिपती म्हणतो, कंपनीत ठेकेदाराकडे हमालीला माणसं लागतात, दिवाळीनंतर जाऊन बघतो. या दोन गायींचं काय करायचं ते अजून ठरवलं नाही.

भाऊबीजेला येत नाही.

दिनानाथ

*

पेण
१ नोव्हेंबर १९९६

सौ. सीतामामींना,
दिपिकाचा नमस्कार.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे, मामांना दाखवू नका. आमच्या सासूबाई देवळात गेल्यात तोवर लिहिते.

मामी, मला दोन दिवस झोप नाही. परवा सासूबाई म्हणाल्या, "दिपिका, ती किटली माळ्यावर टाक गो, माझ्या डोळ्यांसमोर नको." मी झाकण काढलं आणि आत नाक घातलं. तुम्हाला काय सांगू! तळाला आणि तोटीच्या खाचेत पिवळा थर बसलाय. नखाने निघतो.

ती किटली मी कधीच घासली नाही. पहिल्या दिवशी तुमच्याकडून चीक आला तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, राख लावायची नाही, विसळून पाणी तुळशीला घालायचं, नाहीतर गाय आटेल. त्यांनी परत कधी सांगितलं नाही की आता घास. मीही विचारलं नाही. किटली तीच, गाय तीच, मला वाटलं गाय दूध देते तोवर असंच करायचं असतं. आमच्या कासूला माझी आजी पुतळी पण चिकाच्या भांड्याला राख लावू द्यायची नाही. आणि मामांनी एवढी नोकरी सोडून गायी घेतल्यात, माझ्या हातून त्यांची गाय आटली तर मी कुठल्या तोंडाने राहू? म्हणून रोज विसळायची, मूठभर तांदूळ घालायची आणि याकूबभाईंना द्यायची. नासलं की सासूबाई मामांना नावं ठेवायच्या, मामा सासूबाईंना, आणि मी तुळशीला पाणी घालत होते.

पण मामी, एक विचारते. तुमच्याकडे संध्याकाळी किटली यायची तेव्हा तुम्ही तरी घासत असाल ना? घासत असाल तर मग दूध माझ्यामुळे नासलं नाही. कृपा करून तसंच लिहा. सासूबाईंना सांगायची माझी हिंमत होत नाही.

तुमची,
दिपिका

*

रोहा
४ नोव्हेंबर १९९६

चि. दिपिकास सीतामामीचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, बोलते तसं लिहिते. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाल.

मी पण घासली नाय गो. पयल्या दिवशी किटली न घासता आली, आत तांदूळ. म्हटलं बरोबर, चिकाची हाय. दुसऱ्या दिवशी पण तशीच. तिसऱ्या दिवशी पण तशीच. मला वाटलं पेणला अशीच रीत असंल. मोठ्या नणंदेची रीत मी कशाला मोडू? आणि गाय आटली तर आमच्या घरात काय उरलं? मी तांदूळ काढून घ्यायची, किटली खुंटीला उलटी टांगायची, पहाटे त्यात दूध ओतायची. ह्यांनी कधी आत बघितलं नाय. ह्यांना कास धुवायची शिकवली शिबिरात, किटली कोण धुनार ते शिकवलं नाय.

आता दुसरं सांगते, ते कोनाला बोलू नको. तांबू आता कालवडीचं जाऊन दोन लिटर देते. ढवळी आटत आलीय, तिचं लिटरभर. ह्यांचा हट्ट, पेणला तीन लिटर गेलंच पायजे. मग घरात काय राहील? मी याकूबभाईला सांगितलं, रोज संध्याकाळी किटलीबरोबर स्टेशनाजवळून एक पिशवी आनत जा, पिशवीवर कागद गुंडाळ. दोन महिने आमच्या घरात पिशवीचा चहा हाय. हे रोज सकाळी पयला घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हनतात, "सीता, याला म्हनतात तांबूचं दूध!" मी पदर तोंडात घालते. पयल्यांदा हसू यायचं, आता रडू येतं. स्वतःच्या गायीचं दूध ह्यांनी एकदा पन प्यायलेलं नाय.

आता पेणचं दूध बंद झालं, तसा ह्यांनी रागाने चहा पन सोडलाय, सगळं दूध कालवडीला पाजतात. किटली कुनी घासली नाय म्हनून हमाली करनार. तू ताईंना सांग. मी ह्यांना सांगू शकत नाय, मी सांगितलं तर ते दोन्ही गोष्टी विचारतील.

सीतामामी

*

पेण
६ नोव्हेंबर १९९६

चि. दिनू,

सीताने दिपिकाला लिहिलेलं पत्र याकूबने माझ्या हातात दिलं. दिपिका नळावर गेली होती. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला माहीत आहे. फोडलं.

दूध तुझ्या गायीने नासवलं नाही. किटलीने नासवलं. चिकाच्या दिवशी मी दिपिकाला घासू नको म्हटलं आणि मग घास म्हणायला विसरले. ती पोर माझा शब्द धरून बसली, दोन महिने नुसती विसळून पाठवत राहिली. तिकडे सीताला वाटलं, ही माझी रीत. दोघी तुझी गाय आटू नये म्हणून जपत होत्या. मी तुला त्याच दिवशी लिहिलंही होतं, पण तू माझी पत्रं उत्तर द्यायला वाचतोस, कळायला वाचत नाहीस. आणि तीन दिवस शिबिर करून आलेल्या माणसाने दोन महिन्यांत एकदा किटलीत नाक घालू नये? हात कोपरापर्यंत धुतोस म्हणे!

दिपिकाने किटली माळ्यावरून काढून माझ्यासमोर ठेवली. मी तिला काय बोलणार? तिने सासूचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. दिनू, मी तिला जवळ घेतलं आणि मलाच रडू आलं. भावाला मी भाऊबीजेला येऊ नको म्हटलं, आणि कशावरून, तर माझ्याच जिभेवरून.

मग मी पदर खोचला. किटली राखेने तीनदा घासली, तोटीच्या खाचेत काथ्या घातला, वर उकळतं पाणी ओतलं, उन्हात ठेवली. त्यानंतर दहाही घरी गेले. प्रत्येक उंबऱ्यात उभी राहून सांगितलं की कोजागिरीचं दूध माझ्यामुळे नासलं, माझ्या भावाच्या गायीमुळे नाही. सातव्या घरापर्यंत पाय दुखायला लागले आणि मान खाली घालायची सवय झाली. आठ घरं तयार आहेत. दोन गेली, ती जाऊ देत. जनीबाई पहिली तयार झाली, म्हणाली, "मला तर पयल्यापासून तुझ्या भावाचाच चहा आवडला व्हता."

सीताच्या पत्रात बाकी बायकांचं बोलणं होतं, तुझ्या कामाचं नाही. पत्र चुलीत घातलं, मागू नकोस.

किटली पाठवते आहे. आज रिकामी आहे, आत काही घातलेलं नाही, वास घेऊन बघ. उद्यापासून दूध पाठव. नव्या गायींना परत निरोप धाड. आणि भाऊबीजेला दोघं या. चहा मी स्वतः करीन, तांबूच्या दुधाचा. तो तू माझ्या घरी, माझ्या समोर बसून प्यायचा. ही माझी ओवाळणी समज.

ताई

*

रोहा
१५ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस सा. न.

भाऊबीज छान झाली. मनस्वी माझ्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती, हे तू पाहिलंसच. आठ दिवसांत दूध एकदाही नासलं नाही, हेही तू कबूल केलंस. तेही चार माणसांत. आता मी कुणाशी भांडणार?

किटली आता मी स्वतः घासतो. पहिल्या दिवशी राख लावली तेव्हा सीता देवापुढे बसली होती. तांबू आटलेली नाही. तरी सीता रोज चरवीत डोकावते. नव्या दोन गायी येत्या सोमवारी येतात. महिपतीला सांगितलं, हमालीसाठी दुसरा बघ.

एकच गोष्ट मनात आहे, ती बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. रागावू नकोस. तू चहा केलास, प्रेमाने केलास, मी दोन कप प्यायलो. पण ताई, ते तांबूचं दूध नव्हतं. मी तिथे बोललो नाही, चार माणसांत कशाला. तुझा चहा जरा जास्तच दाट होता, पिवळट दिसत होता आणि त्याला कसला तरी गवतासारखा वास येत होता. माझ्या घरच्या चहाची चव मला पाठ आहे, मी रोज डोळे मिटून पितो. तुझ्याकडे ऐन वेळी कमी पडलं असेल आणि तू पिशवीचं घातलं असशील. हल्ली पिशवीत काय काय मिसळतात देव जाणे. पण माझ्यापासून लपवायचं काय कारण? सीता सगळा रस्ता तोंडाला पदर लावून बसली होती, तिलाही वाईट वाटलं असणार.

कळव.

दिनानाथ

*

पेण
१८ नोव्हेंबर १९९६

चि. दिनू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसले आणि चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिते आहे.

बरोबर ओळखलंस. पिशवीचंच होतं. ऐन वेळी कमी पडलं आणि मी घातलं. तुझ्या जिभेपुढे मी हात टेकले. आजवर मी तुला कशातही जिंकू दिलं नाही, आज जिंकलास. जनीबाईलाही सांगेन.

आता एक माझं ऐक. उद्यापासून आमच्याकडे अर्धा लिटर कमी पाठव. आम्हाला इतकं लागत नाही, प्रविणची या महिन्यात रात्रीची शिफ्ट आहे, दिपिका चहा पीत नाही. तो अर्धा लिटर घरीच ठेवायचा, तुमच्या चहाला. सीताला मी याकूबकडे वेगळा निरोप दिला आहे. तुझ्या नव्या गायी आल्या तरी हा अर्धा लिटर कुणाला विकायचा नाही.

पहिले काही दिवस घरचा चहा वेगळा लागेल. सीतावर ओरडू नकोस. चहापत्ती बदलली असेल.

तुझी,
ताई